अकरा किलोमीटरचं देणं

सन दोन हजार एकोणीस. फेब्रुवारीचा शेवटचा सोमवार. थंडी संपली होती आणि उन्हाळा अजून लागला नव्हता. सकाळी चहा पिताना मी बायकोला म्हणालो, "मोटरसायकल सुरू करतो."

ती म्हणाली, "कोणाची?"

"आपली."

तिने कप खाली ठेवला. आपली मोटरसायकल अकरा वर्षं मागच्या शेडमध्ये पडून होती. तिच्या सीटमध्ये उंदरांच्या तीन-चार पिढ्या जन्मल्या होत्या. हँडलवर बायको पायपुसणी वाळत घालायची.

"मग पायपुसणी कुठे वाळवू?" ती म्हणाली. एवढीच तिची हरकत होती. बाकी ती समजली.

कारण सांगतो. बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, एकतीस मार्चला कायमचा मुलीकडे राहायला जाणार होता. मुलगी लांब असते, विमानाने जावं लागतं. त्रेसष्ट वर्षांचा माणूस तिकडे गेला की परत कशाला येतोय. आणि मी त्याचं देणं लागत होतो. पैशाचं नव्हे. पैशाचं असतं तर त्याच दिवशी हातावर ठेवून मोकळा झालो असतो. मी त्याचे अकरा किलोमीटर लागत होतो.

मी पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होतो. डोंगरातल्या तलावापासून शहरापर्यंत मोठी पाइपलाइन. तिच्यावर त्रेचाळीस व्हॉल्व्ह. पाइपाच्या कडेने जो रस्ता होता त्याला रस्ता म्हणायचं म्हणून म्हणायचं, बाकी दगड आणि ओढे. म्हणून खात्याने मला ही मोटरसायकल दिली. उंच, दातेरी टायरची, खडकांतून जाणारी. साध्या रस्त्यावर ती हाडं खिळखिळी करायची. खडकांत तशीच करायची, पण तिथे तिचं नाव व्हायचं. (साहेबांना जीप होती. ते लाइनवर कधी आले नाहीत, त्यामुळे जीप चांगली राहिली.) निवृत्त झालो तेव्हा लिलावात तीच गाडी मी विकत घेतली. दुसऱ्या कोणी बोली लावली नाही.

तर एकोणीसशे त्र्याऐंशी साली मे महिन्यात मेहुणा आमच्याकडे राहायला आला. जमीन मोजणीच्या खात्यात नुकताच लागला होता. बायको म्हणाली, त्याला जरा तुमची लाइन दाखवून आणा. मी मागे बसवून नेलं. वर डोंगराजवळ, सर्वांत जुन्या व्हॉल्व्हपाशी गाडी बंद पडली. मी किक मारली. किक उलटी आली आणि घोट्यावर बसली. पायाचा भोपळा झाला. मी गाडीवर बसलो आणि मेहुण्याने मला ढकलत घरी आणलं.

अकरा किलोमीटर. हा आकडा त्याचा. "मी मोजणीवाला आहे, अंदाजाने बोलत नाही," असं म्हणून तो सुरुवात करतो. लग्नात सांगतो, मयताला सांगतो. माझ्या निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितले, त्याने अकरा किलोमीटर सांगितले. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा भूल उतरताना पहिला आवाज कानावर पडला तो त्याचाच. नर्सला सांगत होता, "...आणि हे वर बसलेले. वरून मला म्हणतात, सरळ ढकल."

मी दर वेळी एकच उत्तर द्यायचो. "उतार होता." पाणी तलावातून शहराकडे येतं, म्हणजे उतार असणारच. त्यावर तो म्हणायचा, "उताराला मागून धरलं कोणी होतं, भावोजी?"

छत्तीस वर्षं.

गाडी शेडमधून काढली आणि खोलायला घेतली. शेडचे पत्रे गळतात म्हणून सुटे भाग घरात आले. इथे माझी पद्धत सांगावी लागेल. मी चौथीपर्यंत शिकलो. चिठ्ठ्या, नंबर, याद्या हा प्रकार मला मानवत नाही. लाइनवर व्हॉल्व्हांना नंबर होते, पण ते पहिल्या पावसात धुऊन गेले. म्हणून आम्ही व्हॉल्व्हमन त्यांना नात्यांची नावं द्यायचो. जो हलक्या हाताने उघडायचा आणि जोर केला की अडून बसायचा तो जावई. डोंगराजवळची सर्वांत जुनी, जी कायम ठिबकायची, ती आजी. निरोप तोंडी जायचे, "जावई अर्धा उघडा, काकूला पूर्ण बंद करा." चुकी कधी झाली नाही.

मोटरसायकलचंही तसंच केलं. कार्बोरेटर लगेच भरून वाहायला लागतो, ती आत्या. पिस्टन सिलिंडरमध्ये असा रुतला होता की कोणी सांगून हलेना, तो माझा थोरला भाऊ. किक म्हणजे सासरे, लाथ परत देणारे. (सासरे वारले आहेत. बायकोने परवानगी दिली.) बायकोला ही पद्धत लगेच जमली. कोणता भाग कोणत्या खोलीत ठेवलाय हे ती झोपेतसुद्धा सांगायची.

पहिल्या रविवारी मेहुणा निरोपाच्या भेटीला आला. दार उघडं होतं. आम्ही दोघं आतल्या खोलीत होतो.

"आत्या कुठे आहे?" मी विचारलं.

"बादलीत. रॉकेलमध्ये."

"अजून?"

"कालपासून बुडवून ठेवलंय. काळंच निघतंय अजून."

"आणि थोरला?"

"न्हाणीघरात. तेल ओतलंय त्याच्यावर. पण तुम्ही हातोडी लाकडाची घ्या, डोकं फुटेल त्याचं."

"फुटू दे. दुसरा आणू."

बाहेर काहीतरी पडलं. मी जाऊन पाहिलं तर मेहुणा उंबऱ्यात उभा, हातातली संत्र्यांची पिशवी खाली. माझे भाऊ त्या वेळी दुसऱ्या गावी ठणठणीत होते, पण हे त्याला पटवायला मला त्याला न्हाणीघरात नेऊन पिस्टन दाखवावा लागला.

तो पाटावर बसला. दोन संत्री खाल्ली. मग म्हणाला, "मी कोण आहे यात?"

बायको म्हणाली, "तू हॉर्न."

"का?"

"यांनी ठेवलंय नाव."

"भावोजी, मी हॉर्न का?"

मी म्हणालो, "या गाडीला बॅटरी नाही. इंजिन दुसऱ्याने चालवायचं, मग हॉर्न वाजतो. आणि वाजला की थांबत नाही."

तो हसला. त्याचं हेच वाईट आहे. त्याला लागत नाही.

मी त्याला माझा बेत सांगितला. तीस मार्चला, निघण्याच्या आदल्या दिवशी, मी त्याला त्याच गाडीवर, त्याच रस्त्याने, त्याच व्हॉल्व्हपर्यंत नेणार आणि परत आणून सोडणार. अकरा किलोमीटर त्याने मला आणलं, अकरा किलोमीटर मी त्याला आणणार. हिशेब संपला. त्यानंतर कुठल्याही लग्नात, मयताला किंवा दवाखान्यात हा विषय काढायचा नाही.

त्याने विचार केला. "बसवून आणल्याने कसं फिटेल, भावोजी? मी ढकललं होतं. ढकलल्याने फिटतं."

"ढकलायची वेळच येणार नाही. गाडी बंद पडणार नाही."

"पडली तर?"

"पडली तर ढकलीन. तुला वर बसवून ढकलीन."

"ताई, ऐकलंस ना?"

"ऐकलं," बायको म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी एकाहत्तर वर्षांचा होतो.

मग मी कामाला जुंपलो. थोरला चौथ्या दिवशी निघाला. चेन शिजवली. (ग्रीसमध्ये, मंद आचेवर. ते पातेलं अजून बायको मला दाखवते.) चाकांच्या तारा एकेक करून ताणल्या. सीट शिवून घेतली. जाऊ बाई नावाची एक स्प्रिंग कपाटामागे गेली, तिच्यासाठी कपाट हलवलं, कपाट हलवताना आरसा गेला. सासरे बसवताना त्यांनी एकदा लाथ दिलीच, पण या वेळी मी पाय आधीच बाजूला घेतला होता.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं ते पुढच्या खोलीत. मला फक्त प्लगची ठिणगी बघायची होती. खोलीत इतका धूर झाला की शेजारची मंडळी पाण्याच्या बादल्या घेऊन आली. मी त्यांना धुरातूनच सांगितलं, "काही नाही, सुरू झाली." ते म्हणाले, "आग?" बायको म्हणाली, "नाही, गाडी." ते बादल्या घेऊन परत गेले. एकाने मात्र आधीच ओतली होती.

आता माझ्या कामाबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण पुढे तिचा संबंध आहे. चौतीस वर्षं मी एकच धर्म पाळला. गळती नको. माझ्या हद्दीत थेंब पडला तर मला जेवण जात नसे. तोच डोळा मी गाडीला लावला. रात्री खाली वर्तमानपत्र पसरायचो, सकाळी डाग शोधायचो. इंजिनाचा डाग गेला, कार्बोरेटरचा गेला. राहता राहिला पेट्रोलच्या टाकीचा. गाडी खड्ड्यात आपटली की झाकणातून पेट्रोलचे शिंतोडे यायचे. बघतो तर झाकणाच्या मधोमध सुईएवढं भोक. कडेला जुना वाळका साबण चिकटलेला. म्हणजे पूर्वी कोणीतरी ते साबणाने बुजवलेलं होतं. विचार योग्य होता, काम कच्चं होतं. मी कथलाचा डाख दिला. घासून साफ केला, वर रबरी वायसर टाकला. गाडी उलटी टांगली असती तरी थेंब पडला नसता.

बायको म्हणाली, "भोक मुद्दाम ठेवलेलं असेल."

मी म्हणालो, "पाण्याच्या कामात भोक कोणी मुद्दाम ठेवत नाही."

"हे पेट्रोल आहे."

"पातळच आहे."

तीस मार्च, शनिवार, सकाळी सहा. मेहुणा इस्त्रीची पँट घालून आला. खिशात त्याची जुनी मोजणीची वही. बायकोने पान्यांची पिशवी सीटला बांधली होती. मी ती सोडून तिच्या हातात दिली. ज्या गाडीला पाने सोबत लागतात ती दुरुस्त झालेली नसते. हे मी तिथे मोठ्याने बोललो. शेजारची बादलीवाली मंडळी ऐकत होती.

टाकी काठोकाठ भरलेली. एका किकमध्ये गाडी सुरू झाली. मेहुणा मागे बसला आणि निघालो.

खोटं बोलत नाही, ती गाडी चालली. ओढे पार केले. खडकांवरून ती अशी चढत होती की मी पस्तीस वर्षांचा झालो. वाटेतले व्हॉल्व्ह नव्या माणसाने हिरवे रंगवले होते. जावई गेला, काकू गेली. मेहुणा मागून ओरडून म्हणाला, "भावोजी, मानलं तुम्हाला." छत्तीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. आजी व्हॉल्व्ह समोर दिसू लागला होता.

आणि गाडीने एक उचकी दिली. मग दुसरी. मग शांतता.

किक मारली. पुन्हा मारली. वीस मारल्या. सासरे एकदाही उलटले नाहीत, पण सुरूही होईनात.

"पेट्रोल आहे का?" मेहुणा म्हणाला.

"मी भरलंय."

"झाकण उघडून बघा."

"बघायची गरज नाही." मी गाडी हलवली. टाकीत डुबुक डुबुक वाजलं. "ऐक."

"तरी उघडून बघितलं तर काय जातं?"

त्याने सांगितलं नसतं तर मी कदाचित उघडलं असतं.

प्लग काढायला पाना नव्हता. पाने कुठे होते ते तुम्हाला माहीत आहे. मी अर्धा तास त्या गाडीभोवती फिरलो. मेहुणा दगडावर बसून दूर शहराकडे बघत होता. काही बोलत नव्हता. तेच जास्त लागत होतं. शेवटी मी गाडी वळवली, हँडल धरलं आणि म्हणालो, "बस."

"अहो, भावोजी, राहू दे. मी चालतो बरोबर. वय काय आपलं."

"बस म्हणतो ना."

तो बसला. बसला तो बसलाच.

पहिला किलोमीटर उताराचा होता आणि तिथे मला कळलं की उताराला मागून धरावं लागतं. गाडी, पेट्रोलने भरलेली टाकी आणि इस्त्रीच्या पँटमधला मेहुणा हे तिन्ही मला सोडून शहराकडे जायला बघत होते. मी टाचा रोवून मागे ओढत होतो.

"उतार आहे, नाही?" मेहुणा म्हणाला.

मी टाचा आणखी रोवल्या. बोलायला श्वास लागतो.

पहिल्या ओढ्यात मी गुडघाभर पाण्यात होतो आणि त्याने पाय वर घेतले होते. दुसऱ्या ओढ्यात त्याने संत्रं सोललं. एक फोड मागे माझ्यापुढे धरली. हात मोकळे नव्हते म्हणून मी ती तोंडाने घेतली. वाटेत शेळ्या घेऊन चाललेली एक बाई थांबली आणि तिने मेहुण्याला विचारलं, "पायाला लागलंय का तुमच्या?"

"नाही, बाई," तो म्हणाला. "माझं येणं होतं यांच्याकडे."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि शेळ्या हाकत निघून गेली. मेहुण्याने एकदा हॉर्नचं बटण दाबून पाहिलं. वाजला नाही. इंजिन बंद होतं.

सातव्या किलोमीटरनंतर रस्ता सपाट झाला. मेहुणा म्हणाला, "भावोजी, खरंच उतरतो आता."

मी म्हणालो, "सरळ बस. तोल जातो."

एवढंच बोलणं झालं.

दुपारी दोनला घराच्या फाटकाशी पोचलो. बायको बाहेर आली. आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाण्याचा तांब्या आधी मला दिला. नंतर पदराला हात पुसत म्हणाली, "झाकण उघडून बघितलं का?"

"तुझ्या भावानेही हेच विचारलं."

"मग?"

मग काही नाही. तिने स्वतःच झाकणाला हात घातला. निघेना. दोन्ही हातांनी फिरवलं. आणि टाकीने श्वास घेतला. फुस्स असा लांब, छातीतून आल्यासारखा आवाज. आत चेपलेला टाकीचा पत्रा टण्णकन बाहेर आला. मी तो चेपा पाहिला होता. मला वाटलं होतं, जुना असेल.

बायकोने झाकण उन्हात धरलं. "हवा जायला जागाच नाही ठेवलीत. स्टोव्हवालीला कळतं हे. हवाच आत शिरली नाही तर पेट्रोल खाली उतरेल कसं?" झाकण तिने नुसतं वर ठेवलं, आवळलं नाही. "मारा किक."

मी मारली. पहिल्या किकला सुरू झाली.

मेहुण्याने झाकण हातात घेतलं. उलटसुलट केलं. डाखावर नख फिरवलं. मोजणीवाल्याची नजर आहे, कडेचा साबणाचा पिवळा कण त्याला दिसला. "हे डाखाचं काम तुमचं. हा साबण कुणाचा?"

मी फार बोलत नाही, पण विचारलं तर खोटं सांगत नाही. "त्र्याऐंशीचा."

"कोणी लावला होता?"

"तू येणार म्हणून नवी पँट घातली होती. शिंतोडे उडत होते."

"कधी लावलात?"

"निघताना."

त्याने झाकण पुन्हा टाकीवर नुसतं ठेवलं. इंजिन फटफटत होतं. मला वाटलं, आता हसेल. तो हसला नाही. बायकोला म्हणाला, "ताई, छत्तीस वर्षं मी ही गोष्ट शेवटाशिवाय सांगत आलो. काय मजा आली असती."

"आता कोणाला सांगणार?" ती म्हणाली. "उद्या तर चाललास."

मग त्याने खिशातली वही काढली. लिहिलेलं बघितलं. "भावोजी, एक राहिलंय."

"काय?"

"त्या वेळी मी आजी व्हॉल्व्हपासून ढकललं होतं. आज गाडी व्हॉल्व्हच्या अलीकडे बंद पडली. तुमचा डाख साबणापेक्षा पक्का, म्हणून लवकर पडली. पाचशे दहा मीटर कमी भरतात." वही मिटली. "पण ते जाऊ दे. आपण सोडून देऊ."

"सोडायचं नाही," मी म्हणालो.

बायको म्हणाली, "अहो, गाडी सुरू आहे. बसवा मागे आणि आणा फिरवून."

"ढकलल्याने फिटतं," मी म्हणालो. "बस रे."

मी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. बंद केली नाही. ती पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. मेहुणा बसला. मी मागून हात लावला आणि निघालो. रस्ता शहरातला, डांबरी, वर्दळीचा. सुरू असलेली मोटरसायकल मी ढकलत होतो आणि ती माझ्या पायांवर धूर सोडत होती. आता इंजिन चालू होतं, त्यामुळे हॉर्न वाजत होता. मेहुण्याने बटणावर अंगठा ठेवला तो काढला नाही. दारं उघडली. बादलीवाली मंडळी बाहेर आली, या वेळी बादल्या नव्हत्या.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिससमोर माझ्या जागी लागलेला तरणा व्हॉल्व्हमन उभा होता. त्याने मला ओळखलं आणि धावत आला. "काका, गाडी बंद पडली का?"

"नाही."

"मग?"

मी ढकलत राहिलो. ऑफिसच्या फाटकापाशी मेहुण्याने अंगठा काढला आणि हात वर केला.

"पाचशे दहा," तो म्हणाला, आणि उतरला.